होडीतली कच्ची शिलाई

सौ. पहारेकरीणबाईंस,

भावजीचा आशीर्वाद. तुझे गुडघे आणि तुझ्या यजमानांचा खोकला यांत सध्या कोण पुढे आहे ते कळव. मी बरा आहे. सुईत दोरा पहिल्या झटक्यात जात नाही, पण नातीला हाक मारण्यापुरता आवाज शाबूत आहे.

काल सगळे जेवायला जमले आणि थोरल्याने पुन्हा तुझ्या ताईची न् माझी तळ्यावरची सहल काढली. त्याच्या गोष्टीत हल्ली होडी बुडते आणि मी पोहत दोघी बहिणींना काठावर आणतो. (मला पोहता येत नाही. पाणी माझ्या पोटरीच्या वर कधी गेलेलंच नाही.) खरं काय झालं ते ठाऊक असलेले आता आपण दोघंच उरलो, म्हणून ही उजळणी.

लग्न ठरलं होतं, झालं नव्हतं. तुला मध्ये बसवण्याच्या अटीवर तुझ्या वडिलांनी आम्हाला सुट्टीच्या दिवशी सोडलं, आणि तू ती अट इतकी मनावर घेतलीस की होडीतही डब्यासकट आमच्या मध्ये बसलीस. मी नवी पँट घालून आलो होतो. लोकांचे कपडे वेळेवर देणारा मी शिंपी, पण स्वतःची पँट कच्च्या दोऱ्याने जोडून ठेवली आणि गिऱ्हाइकांच्या गडबडीत तिच्यावर मशीन मारायचीच राहिली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. होडीत पाय टाकला आणि मागची शिवण उसवली. मी बसलो तो बसलोच. काठ आला की म्हणायचो, पाणी काय सुंदर आहे, आणखी एक फेरी होऊ दे. तुला भूक लागली, नावाडी वैतागला आणि तुझ्या ताईला वाटलं, आपल्या पदरात कवी पडला. मग तिला माझ्या मागे लोंबणारा पांढरा दोरा दिसला. तिने तो भलेपणाने ओढला. कच्चाच तो, अख्खा हातात आला. तशी ती तुझ्यावरून वाकून माझ्याकडे बघत राहिली, तुझ्या कानात काहीतरी पुटपुटली, आणि तुम्ही दोघी इतक्या हसलात की होडी हलायला लागली. मी भर उन्हात तिची शाल कमरेला गुंडाळून तुमच्या घरी आलो. (थंडी वाजते का, असं तुझ्या आईने विचारलं. मी हो म्हणालो. तिने वर आणखी एक पांघरूण दिलं.)

ती होती तेव्हा ही गोष्ट मी सांगायचो आणि ती 'पुरे आता' म्हणायची. आता पुरे म्हणणारं कुणी नाही, त्यामुळे गोष्ट लांबतच जाते. घर माणसांनी भरलेलं आहे, तरी तिची फार आठवण येते. दुकानात कच्चा दोरा ओढताना अजून मागे वळून बघतो.

उत्तराची घाई नाही. सवडीने लिही.

तुझा,
भावजी

ता. क. : घाई आहे. होडीत ती तुझ्या कानात काय म्हणाली? जन्मभर विचारत आलो. दर वेळी 'सांगेन कधीतरी' म्हणायची, आणि न सांगताच गेली. आता ते फक्त तुझ्याकडे आहे.

पुन्हा ता. क. : लिहून पाठवू नकोस. सुट्टीत ये, तळ्यावर जाऊ. होडीत तेव्हासारखीच मध्ये बस. मी विचारेन, आणि तू आधी 'सांगेन कधीतरी' एवढंच म्हण. ते मला पुन्हा एकदा ऐकायचं आहे.