तिखटाचा दोष नव्हता, माय

माय, परवा मी एका चार वर्षांच्या मुलीचं ऑपरेशन केलं आणि दिवसभर मला आपली धाकटी आठवत राहिली.

ही पोर जळगाव जामोदकडची. महिन्याभरात दोनदा शौचातून विटेसारखं लाल रक्त पडलं, पोट मात्र जरासुद्धा दुखलं नाही. तोंडातून दुर्बीण घालून पाहिलं, खालूनही पाहिलं. काही सापडलं नाही. रक्त चढवलं की खेळायला लागायची, मग पुन्हा पांढरीफटक. शेवटी तिच्या आईला म्हटलं, बेंबीतून बारीक कॅमेरा घालून सगळं आतडं तपासू. तिनं माझा हात धरला. "मॅडम, म्या तिले ठेचा चारला होता. त्याच्यानं तं झालं नसन?"

मला एकदम आपलं घर दिसलं. जानेफळच्या घरी तू चुलीपाशी उभी आहेस, हातात धाकटीची रक्त धुऊन काढलेली चड्डी, आणि बाबा ओरडताहेत, "एवढ्याशा पोरीले तिखट काऊन देल्लं?" त्यानंतर तू घरात मिरचीच आणली नाहीस. धाकटीला ताकभात, मुगाचं वरण. तरी रक्त पडलंच. डॉक्टर टॉनिक बदलत राहिले, आणि एका सकाळी मेहकरला नेताना, जीपमध्ये, तुझ्या मांडीवर ती गेली. मी दहा वर्षांची, समोरच बसले होते.

परवा लहान आतड्याच्या शेवटाकडे अंगठ्याएवढी पिशवी दिसली. काही मुलांना ती जन्मतःच असते. तिच्यात जठरासारखं आम्ल झिरपतं आणि लगतच्या आतड्याला जखम होते. बेंबीच्या छेदातूनच तेवढा भाग बाहेर घेतला, कापला, आतडं शिवलं. बाहेर येऊन तिच्या आईला सांगितलं, "हे जन्मापासूनचं होतं. तुमच्या ठेच्यानं काही झालेलं नाही." ती म्हणाली, "घरच्यायले तुमीच सांगा ना, मॅडम." मी तिच्या नवऱ्याला आणि सासूला बोलावून पुन्हा सगळं सांगितलं. आज पोरीनं पेज मागून घेतली.

धाकटीला हेच होतं असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. तिच्या पोटात कुणी पाहिलंच नाही. पण तिखटानं असं रक्त जात नाही, एवढं मला शिकतानाच कळलं होतं. तेव्हा तू होतीस. सुट्टीत आले की विचारायचीस, "बाई, तिले काय झालं असन वं?" मी म्हणायचे, "आता कशाला ते?" तुला त्रास नको म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे त्या जीपमध्ये मीही तुलाच दोष दिला होता, आणि तुला मोकळं करायचं तर आधी ते कबूल करावं लागलं असतं.

तुला जाऊन पंधरा वर्षं झाली. हे कागद घडी घालून खणात ठेवते. बाबा जानेफळलाच असतात, रविवारी फोन करतात, पावसापाण्याचं बोलतात. त्यांना यातलं काही सांगितलेलं नाही, माय. धीर होत नाही.