अर्धं पीस

प्रिय ठमे,

मावशीने तुझा फोटो दाखवला. म्हणाली, बघ, पोरीने मनगटावर किती गोड पीस गोंदून घेतलंय. खाली तू लिहिलं होतंस, पीस म्हणजे स्वातंत्र्य. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

कुणाला शिकवतेस हे? वीस वर्षं मी लोकांना गोंदते आहे. कुठे पीस लढाईत कमवावं लागे, कुठे मेलेल्याचं काळीज पिसाशी तोलत, कुठे भित्र्याच्या हातात पांढरं पीस ठेवत. माझ्याच दुकानातल्या बाकावर अभ्यास टाकून तू हे वाचायचीस. आणि जो अर्थ कुठे छापलेला नाही, तोही तुला ठाऊक आहे. नको झालेलं नाव झाकायला पिसासारखं सोयीचं काही नाही. दांडा शिरोरेघेवरून न्यायचा, खालची अक्षरं बारीक रेषांत बुडवायची. कितीजणींचे नवरे मी असे बुडवले. तू शेजारी बसून खिदळायचीस.

तुला अठरा पूर्ण झाली त्या दिवशी हट्टाने त्याच मनगटावर ‘आई’ लिहून घेतलंस. मी नको म्हणत होते. माणसं बदलतात, कातडी नाही, म्हटलं. ऐकशील तर शपथ.

झाकायचं तर झाक. हात तुझा आहे. पण हे कुठल्या दिवट्याकडून करून घेतलंस? दांडा वाकडा, रेषा फिकट, आणि ‘ई’च्या डोक्यावरचा आकडा पिसाबाहेर उघडाच. मधेच उठलीस ना? माझ्या हाताखाली शिकलेल्या कुणीही काम असं अर्धं टाकलं नसतं.

हे लिहिलं आणि पेन थांबलं.

गेल्या वर्षी हॉस्पिटलमधून तू तिसऱ्यांदा फोन केलास. “आई, बाबा तुला विचारताहेत.” मी म्हटलं, “पाठ अर्धी झालीये, तासाभरात येते.” पोचले तेव्हा पलंगावरची चादर बदलून झाली होती. तू बाहेर बाकावर होतीस. सरकली नाहीस. त्या गिऱ्हाइकाची पाठ मात्र सुरेख झाली. डोळे मिटले की दिसते.

राग आहेच, पण त्यासाठी लिहीत नाही. ये. तो आकडा मला बुडवू दे. मला माझ्याइतकं नीट कुणी झाकणार नाही. निघालीस की नुसतं कळव. समोर कुणी अर्धं गोंदलेलं बसलं असलं तरी त्याला उठवीन आणि शटर ओढीन.

तुझीच,
आई