नेस्टरच्या सोयाबीनमधला माठ

२९ ऑगस्ट

आज दक्षिणेच्या शेतात गेले. जायचं नव्हतं. पण किती दिवस खिडकीकडे पाठ करून कॉफी प्यायची? हे सोयाबीन नेस्टरने मे महिन्यात पेरलं, जूनमध्ये विनिपेगला हॉस्पिटलात गेला, आणि परत आला तो पेटीतून. उन्हाळाभर मी त्याच्या उशाशी. शेताकडे बघणार कोण?

सोयाबीनच्या डोक्यावर हातभर उंच रानमाठ उभा आहे. नाल्याकडच्या कोपऱ्यात तर नुसता दाट. मी बांधावरच बसले आणि रडले. एक काडी गवत दिसली तरी ट्रॅक्टर थांबवून खाली उतरणारा माणूस तो. लोक चेष्टा करायचे, नेस्टरच्या शेतात तणसुद्धा दार वाजवून येतं म्हणून. आता बघा म्हणावं!

३० ऑगस्ट

एक रोप उपटून घरी आणलं. देठावरून बोट फिरवलं. आपल्या नेहमीच्या रानमाठाला बारीक लव असते, हाताला खरखरीत लागतो. हा गुळगुळीत. पानं लांबट, अरुंद, तेल लावल्यासारखी चकाकणारी. इतकी वर्षं निंदणी केली, हे रोप माझ्या हाताखालून गेलेलं नाही.

मला हे आवडलं नाही.

१ सप्टेंबर

जेवण जात नाही. पाव आणि कॉफी, पाव आणि कॉफी.

३ सप्टेंबर

झेनॉन आला होता. नेस्टरचा धाकटा भाऊ, साठीला आला तरी अजून दारातून आत येताना टोपी काढून हातात धरतो. म्हणाला, "वहिनी, ठरलं. चाळिसाव्याची प्रार्थना झाली की त्याच आठवड्यातल्या शनिवारी इर्जिक, सगळ्यांनी मिळून कापणी. वीस हार्वेस्टर येतायत. तू फक्त कोबीच्या पानांत भात भरून गोलुब्ची कर, बाकी आम्ही बघतो."

वीस! इथे माणूस गेला की पुरायला सगळेच येतात, त्यात विशेष काही नाही. पण ऐन सुगीत स्वतःचं उभं पीक सोडून, आपापलं यंत्र घेऊन, त्याचं शेवटचं पीक कापायला येतात, तेव्हा खरं कळतं की तो माणूस कोण होता. मला ती रांग बघायची आहे. या उन्हाळ्यात दुसरं काही मागितलेलं नाही मी.

जाताना त्याला रोप दाखवलं. "माठ आहे गं. सुगीच्या दिवसांत माठ कोण मोजतो?"

६ सप्टेंबर

राहवेना, म्हणून नगरपालिकेत फोन केला. तणांची तपासणी करणारी मुलगी आली, क्रिस्टीन. शेतात शिरण्याआधी बूट घासून धुतले, बाहेर आल्यावर परत धुतले. मग कोपऱ्यात गुडघ्यावर बसून एकेक देठ बोटांनी चाचपला.

वॉटरहेम्प म्हणतात याला, ती म्हणाली. माठाच्याच गोतातलं, पण आपल्या माठाची सवत. एकेका मादीला लाखांनी बी धरतं. फवारे पचवून बसतं. दक्षिणेकडे लोकांनी याच्यापायी शेतं सोडली म्हणे, आपल्याकडे आत्ता कुठे यायला लागलंय.

मग तिने विचारलं, "कधी सीमेपलीकडून जुनं यंत्र घेतलं होतं का?"

घेतलं होतं की. दोन वर्षांपूर्वी, अमेरिकेत, डाकोटातल्या लिलावात. नवी नवरी आणावी तसा मिरवत आणला होता त्याने तो हार्वेस्टर. त्याच्याच पोटातून आलं असणार, ती म्हणाली. कोपरा कापून जाळायचा. आणि या शेतात शिरलेलं कुठलंही यंत्र फटीफटीतून साफ केल्याशिवाय दुसऱ्या शेतात न्यायचं नाही. "आणि साफ केलं तरी," म्हणाली, "मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही."

वीस हार्वेस्टर. वीस घरं.

७ सप्टेंबर

झेनॉनशी कडाक्याचं भांडण.

"तोंड बंद ठेव वहिनी. कोपरा आपण दोघं गुपचूप कापून टाकू. नेस्टरच्या शेतात असलं तण! लोक काय म्हणतील?"

"आणि बाकी शेतात जी चुकार रोपं आहेत, त्यांचं बी ते वीस जण घरी घेऊन जातील, त्याचं काय?"

"दादाची इर्जिक आहे ती!" एवढं बोलून तो टोपीत तोंड घालून रडायला लागला. मी समजूत नाही काढली. माझी कोण काढतंय?

१० सप्टेंबर

रस्त्यापलीकडची लिडिया आली, तिच्या हातचं आलुबुखारचं गार सूप घेऊन. तिचा नवरा जेक गेल्या वर्षी याच महिन्यात गेला. मी म्हटलं, इर्जिक नको म्हणून सांगणार आहे. ती एकदम उसळली. "वेडी आहेस का स्टेफा? जेकच्या वेळी मी स्वयंपाकघरात मेल्यासारखी पडून होते. उजाडायच्या आत यंत्राचा आवाज आला. तुझा नेस्टर. सगळ्यांच्या आधी. तेव्हा मी उठून तोंड धुतलं. हे हातचं घालवू नकोस."

मग तिला तणाचं सांगितलं. ती उठून माझी भांडी घासायला लागली. एकच ताटली पुसत राहिली, पुसत राहिली. "मग नको म्हण," एवढंच म्हणाली.

१३ सप्टेंबर

रविवार. चर्चच्या हॉलमध्ये कॉफीच्या वेळी उभं राहून सगळं सांगून टाकलं.

मागून एक म्हातारा म्हणाला, "म्हणजे आमची यंत्रं घाण आहेत का?" मी म्हटलं, "नाही. माझं शेत घाण आहे."

त्याचं शेत. सगळ्यांच्या देखत मी त्याच्या शेताला घाण म्हटलं. कप अर्धे टाकून लोक गेले. झेनॉन माझ्याकडे न बघता गाडीत बसला. इर्जिक नाकारणं म्हणजे इथे दारातून हाकलून देण्यासारखंच आहे, ठाऊक आहे मला. करू काय?

२२ सप्टेंबर

चाळिसावा. गहू उकडून मध घातला. माणसं मोजकीच आली. पुष्कळ उरलं.

२६ सप्टेंबर

आजचा तो शनिवार. मी अंथरुणातून उठणारच नव्हते.

गाड्यांचे आवाज आले. खिडकीतून बघितलं तर रस्त्याच्या कडेला गाड्यांची रांग. यंत्र एकही नाही. हातमोजे, विळे, जाडजूड पिशव्या. सगळ्यांच्या पुढे झेनॉन, नाल्याकडे तोंड करून. माझ्याकडे बघायला तयार नाही, पण आला.

ओळ धरून सगळं शेत पायी तुडवलं. उपटायचं, शेंडा हलू न देता पिशवीत कोंबायचं, तोंड बांधायचं. कोपरा पुरता कापून, भरून पिंपात जाळला. धूर लागल्याचं निमित्त करून मी दोनदा रडून घेतलं. लिडिया सगळ्यांच्या पुढे. आमचं निरखणं होईपर्यंत तिचं उपटून व्हायचं.

दुपारी गोलुब्ची कमी पडल्या. केल्याच होत्या थोड्या! कोणाला माहीत होतं? हॉलमध्ये बोलला होता तो म्हातारा माझ्याच दारात बूट घासून धुवत होता. म्हणाला, "नेस्टरने हेच केलं असतं. आधी भांडला असता, मग केलं असतं."

मला ती वीसची रांग हवी होती. अजूनही हवी आहे. पण आजचंही विसरणार नाही.

२ ऑक्टोबर

बाकीचं पीक मीच कापलं, त्याच्याच हार्वेस्टरने. दुसरं यंत्र आत आणायचंच नाही, मग चालवणार कोण? झेनॉन दोन फेऱ्या शेजारी बसला, दहा वेळा ओरडला, "वहिनी, हळू! शेंगा फुटतायत!" मग उतरून गेला. मुद्दामच गेला असावा.

खुर्ची नेस्टरच्या उंचीला लावलेली. मी बदलली नाही, पाठीला उशी घेतली. शेवटची फेरी संपली तरी यंत्र बंद करायला हात होईना. बंद केलं की संपलं. नुसती बसून राहिले, मग झेनॉननेच येऊन चावी फिरवली.

५ ऑक्टोबर

क्रिस्टीन यंत्र बघायला आली. वहीत लिहिता लिहिता सहज विचारावं तसं विचारलं, "गेल्या वर्षी हे आणखी कुठे कापणीला गेलं होतं?"

गेल्या वर्षी आमचं सोयाबीन कापून झालं आणि हे यंत्र एकाच ठिकाणी गेलं. जेकच्या इर्जिकीला.

म्हटलं, "उद्या सांगते. आधी मला एका घरी जाऊ दे."

६ ऑक्टोबर

लिडियाच्या दारातच सुरुवात केली. "लिडिया, नेस्टरने तुझ्या शेतात..."

"ठाऊक आहे," ती म्हणाली. जुलैतच दिसलं होतं तिला, गेल्या वर्षी नेस्टरने पहिली फेरी मारली त्याच पट्ट्यात. उन्हाळाभर एकटीच उपटत होती. मी चिडले. इतक्या दिवसांत बी कुठवर गेलं असेल, मला का नाही सांगितलंस, वाट्टेल ते बोलले. तिने ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "त्यानंतरच मी हॉस्पिटलात भेटायला आले होते ना, तू खाली औषधं आणायला गेली होतीस. नेस्टरने विचारलं, शेत कसं आहे तुझं? मी म्हटलं, स्वच्छ."