पापडाच्या डब्यातली चिप

जामसंडे,
११ ऑगस्ट २०२४

चि. विश्वेश यास ताईचे अनेक आशीर्वाद.

फोनवर बोलताना बाबा शेजारीच बसलेले असतात, म्हणून हे पत्र. त्यांच्या रेडिओला वीज पुरवणारी पेटी पुन्हा बंद पडली. त्यातली ती तीन पायांची चिप, बारा व्होल्टचे सहा करणारी, वर्षभरात तिसऱ्यांदा गेली. आधी बातम्या अर्ध्यावर आल्या की रेडिओ गप्प व्हायचा, थोड्या वेळाने आपणच बोलू लागायचा. आता कायमचा गप्प आहे. पहिली चिप तुझ्या दहावीपासून गेल्या वर्षापर्यंत टिकली होती.

बाबांनी मनाला लावून घेतलं आहे. हाताला कंप आहे, सोल्डरिंग धड होत नाही, म्हणून चिपा जातात असं त्यांनी ठरवून टाकलं. काल म्हणाले, “माझे हात आता कामाचे रवले नाय गो.” चतुर्थी झाली की त्यांचा जुना विद्यार्थी जितेंद्र, ज्याचं दुरुस्तीचं दुकान आहे, तो टेम्पो आणून टेबल आणि हत्यारं घेऊन जाणार. आई गेल्यापासून बाबा सकाळी त्या टेबलासाठी उठतात. टेबल गेल्यावर कशासाठी उठतील? ही काळजी त्यांची आहे की माझीच, हेही मी स्वतःला विचारून पाहिलं.

पेटीची निगा मात्र ते फार राखतात. खाऱ्या हवेने गंजू नये म्हणून गेल्या पावसाळ्यापासून ती आईच्या पापडाच्या डब्यात असते. झाकण घट्ट, वायरीच्या भोकाला मेण. डबा उघडला की अजून हिंगाचा वास येतो. कधी कधी मी उगाच उघडते.

जमेल तेवढ्या लवकर लिही.
तुझी ताई, गौरजा

पुणे,
१७ ऑगस्ट २०२४

ती. ताईस साष्टांग नमस्कार वि. वि.

मी दिवसभर चिपा भट्टीत घालून त्या किती जगतात ते पाहतो, आणि आपल्या घरातल्याच भट्टीचा पत्ता तुझ्या पत्रातून कळला.

बाराचे सहा केले की उरलेल्या सहांची उष्णता होते आणि ती चिपच्या पोटात साठते. ते पोट सव्वाशे अंशांच्या वर तापू द्यायचं नसतं. दीडशेच्या पुढे गेलं की चिप स्वतःहून बंद पडते, निवली की पुन्हा चालू होते. तुमच्या अर्ध्या बातम्यांचं कारण हेच. असं वारंवार झालं की ती मरते. आमचा ढोबळ हिशेब असा, की दहा अंश कमी तापली तर साधारण दुप्पट जगते.

पूर्वी तिच्या पाठीला ॲल्युमिनियमचा पत्रा होता. उष्णता त्यातून बाहेर पडायची. मी त्यावर ओले मोजे वाळवायचो आणि आई ओरडायची, आठवतं? तो पत्रा डब्यात मावणार नाही, बाबांनी काढला असणार. त्यात त्यांना ऐकू कमी येतं म्हणून रेडिओचा आवाज मोठा, म्हणजे वीज जास्त आणि ताप जास्त. हात निर्दोष आहेत. आजच सांगून टाक, आणि जितेंद्रचा टेम्पो थांबव.

हिंगाच्या वासावर एकटीने हक्क सांगू नकोस. पापड केलेस तर माझा वाटा धाड.
तुझा, विश्वेश

जामसंडे,
२२ ऑगस्ट २०२४

चि. विश्वेश यास आशीर्वाद.

पत्रा खरंच काढलेला आहे, खिडकीत पडला आहे. पण माझ्याने सांगवलं नाही. तुझ्या हिशेबाने हात दोषातून सुटतात रे, पण डोकं अडकतं. उष्णतेचा धडा ज्यांनी अख्ख्या गावाला शिकवला, त्यांनीच चिप डब्यात कोंडली, हे मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू? हात गेले हे जास्त लागेल की डोकं चुकलं हे? दोनदा त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि पावसाबद्दल बोलून उठले. ही माया की भित्रेपणा, माझं मलाच कळत नाही.

तू असं कर. तुझ्या कामातलं अडलेलं गणित म्हणून त्यांना पत्राने विचार. डब्याचं नाव काढू नकोस.

सांभाळून लिही, एवढंच मागते.
ताई

जामसंडे,
२ सप्टेंबर २०२४

चि. विश्वेश यास बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं गणित पोचलं. बंद पेटी, पाठीला पत्रा नसलेली चिप, पोटातलं तापमान काढा. उत्तर दीडशेच्या वर आलं. पेन्सिल खाली ठेवली आणि डब्यापाशी गेलो. आधी हसू आलं, मग लाज वाटली. पेटी बाहेर काढून पत्रा बसवला, नवी चिप जोडली. कंप होता, तरी जोडली. बातम्या संपल्यावर हात लावून पाहिला, पत्रा कोमट होता. जितेंद्रला टेबल मिळणार नाही म्हणून कळवलं. तो म्हणाला, “बरा झाला सर, माझ्या दुकानात जागा खंय आसा?”

आता दुसरं. तू ज्या चिपांवर पगार घेतोस त्यांचं गणित तुला अडेल, हे मी मानावं? गौरजाने लिहिलं आणि तू विचारलंस, एवढं समजण्याइतकं डोकं शाबूत आहे.

तुमच्या आईने असं कधी केलं नाही. मी माडावर चढून टीव्हीची अँटेना पणजीच्या केंद्राऐवजी समुद्राकडे तोंड करून बांधली, तेव्हा ती पिठाच्या हातांनी अंगणात आली आणि साऱ्या आळीदेखत म्हणाली, “मास्तर, तुमचा चुकला.” मी माडावरूनच भांडलो. उतरलो, चिडून चहा घेतला आणि पुन्हा चढलो.

ती गेल्यापासून तुम्ही सगळे माझ्याशी बोलता मोठ्याने, पण जपून. गौरजा दोनदा येऊन पावसाबद्दल बोलून गेली. तेव्हाच तोंडावर सांगती तर मी भांडलो असतो, आणि त्या दिवशी दोन घास जास्त गेले असते. यापुढे तिचं ते काम तुम्ही दोघांनी वाटून घ्यावं.

या पत्रात चूक सापडली तर उलट टपाली कळवणे.
तुझे, बाबा