सुया मला, आवाज ह्यांचा

भिवंडी, शनिवार

ती. मेघालीताई हिस धाकट्या मावसबहिणीचा, प्रियंकाचा, मनापासून जयभीम.

तुझी कंबर आता कशी आहे? दाजींनी रात्रीची मिरची सोडली का? (सोडली नसणार. तरी विचारलेलं सांग, म्हणजे त्यांना बरं वाटेल.) आम्ही सगळे ठीक. फोन सोडून ही पत्राची उठाठेव कशाला, असं तुला वाटेल. बाई गं, आमच्या घरात फोन एकट्या माणसाचा नसतो. तुला लावला की सासूबाई म्हणणार, "स्पीकरवर टाक, मला बी बोलू दे." मेसेज पाठवावा तर तुझं उत्तर येतं तेव्हा फोन असतो धम्मदिनाच्या हातात, आणि तुझ्या भाचीला आता जोडाक्षरं वाचता येतात. म्हणून कामावर, राहनाळच्या गोडाऊनमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, खोक्यावर कागद ठेवून लिहिते आहे. अक्षर वाकडं दिसेल ते खोक्यामुळे.

भीमजयंतीला आली होतीस तेव्हा ओट्यापाशी मी तुला एक गोष्ट सांगितली होती. ह्यांच्याजवळ जावंसंच वाटत नाही, म्हटलं होतं. राग नाही, भांडण नाही. माणूस लाखात एक आहे, पगार घरात, दारूला शिवत नाही, आणि तरी ह्यांचा हात खांद्यावर पडला की मला एवढंच आठवतं की गॅस बंद केला की नाही. पूर्वी मी अशी नव्हते, ताई. मला फार वाईट वाटायचं त्याचं, चोरी केल्यासारखं. तू म्हणालीस, माझी अर्धशिशी सुयांनी गेली, तू पण टोचून घे. तुझा शब्द मोडवला नाही. गेले.

धामणकर नाक्यावर एका पडद्यांच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर निवेदिता मॅडमचा दवाखाना आहे. ॲक्युपंक्चर करतात. आधी त्यांनी रक्त तपासून आणायला लावलं, थायरॉईड वगैरे. ते सगळं बरं निघालं. मग दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली आणि जीभ काढायला सांगितली. (माझी जीभ एरवी सासूबाईंखेरीज कोणी मनावर घेत नाही. मॅडमनी बॅटरी मारून पाहिली.) मग गंभीरपणे म्हणाल्या की यकृतातली ऊर्जा अडकली आहे आणि मूत्रपिंडातली आग मंद झाली आहे. ही चिनी वैद्यकाची बोलायची रीत, तुमची किडनी ठणठणीत आहे, घाबरू नका, असंही लगेच म्हणाल्या. सुयांनी काही बायकांना फरक पडतो, काहींना नाही, खात्री देत नाही, हेही सांगितलं. खात्री न देणारा डॉक्टर मी पहिल्यांदा पाहिला, म्हणून विश्वास बसला. पायात, पोटावर, कानात, भुवयांच्या मधे सुया, आणि बेंबीखाली एका पाल्याच्या कांडीचा शेक. ऊद जाळल्यासारखा धूर झाला. खरं सांगू, तेवढा वेळ मला "प्रियंका, डबा कुठंय" विचारणारं कोणी नव्हतं. मी घोरले म्हणे.

आता ह्यांचा आवाज. तुला ठाऊकच आहे, ह्यांची सगळी उमर लूमच्या खडखडाटात गेली. बिघडलेले लूम दुरुस्त करणारा जॉबर तो, हळू बोलून तिथं कोणाला ऐकू जाणार? पण घरी आल्यावर आवाजाचं बटण खाली करायचं राहतं. शुक्रवारी लूम बंद, म्हणून मी माझी सुट्टीही शुक्रवारची करून घेतली. दुपारी धम्मदिना शाळेत, सासूबाई पडद्यापलीकडे आडव्या झालेल्या. अशा वेळी हे मायेनं विचारणार, "काय गं, दमलीस का?" आणि भिंतीपलीकडून शेजारचे अनंताकाका उत्तर देणार, "दमतेच ना बिचारी!" आता तूच सांग, यकृतातली ऊर्जा अडकेल नाही तर काय होईल?

मॅडमनी काय सांगितलं ते मी ह्यांना घरी कानाशी लागून सांगितलं, तर ह्यांनी दारातच विचारलं, "किडनीत आग न्हाय म्हंजे?" झालं! संध्याकाळपर्यंत गल्लीत माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. शहाळी आली, जवाचं पाणी आलं, कुळथाचं कढण आलं. बकुळाबाई म्हणजे आमच्या सासूबाई, ज्यांनी मला लग्नापासून कधी बसून जेवू दिलं नाही, त्या माझे पाय चेपायला बसल्या आणि रडल्या. मी त्यांना खरं काय सांगणार होते? म्हणून मुकाट्यानं कुळथाचं कढण प्यायले.

मॅडम म्हणाल्या, नवऱ्याला घेऊन या. काल शुक्रवारी नेलं. दवाखान्यात खाटांच्या मधे नुसते हिरवे पडदे. शेजारच्या खाटेवर गुडघ्यात सुया घेऊन तात्या होते, ह्यांना सातवीत गणित शिकवलेले. मॅडमनी हळू आवाजात विचारलं की घरात दोघांना निवांतपणा मिळतो का. हे त्यांच्या तोंडाकडे बघत होते, आणि मग खणखणीत म्हणाले, "मिळतो ना मॅडम, पन हिला इच्छाच होत न्हाय!" पडद्यापलीकडून तात्या फक्त "रवींद्र, हळू" एवढंच म्हणाले, वर्गात म्हणायचे तसं.

पण ह्यांनी तेही ऐकलं नाही.

मॅडम सुया लावून गेल्या. मी भिंतीकडे तोंड करून, हे पाठीमागे स्टुलावर. इतका संताप आला होता की मी दातातल्या दातात म्हटलं, "शर्टावर झुरळ आहे तुमच्या." ताई, झुरळ म्हटलं की हा माणूस खुर्चीवर चढतो. हे जागचे हलले नाहीत. मी पुन्हा म्हटलं. नाहीच. आणि मग मला कळलं, ह्यांना ऐकूच येत नाही. आणि मी लाजत, भिंतीकडेच तोंड करून, सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी बारीक आवाजात, किती शुक्रवारी म्हटलं होतं, "जवळ या ना." उत्तर नसायचं. मी समजले, ह्यांना नको आहे. मागून मिळत नाही म्हटल्यावर माणूस मागायचं सोडतो, आणि मग भूकही सोडते त्याला. सुया लावलेला हात हलवता येईना, डोळ्यांतलं पाणी सरळ उशीवर. ह्यांनी वाकून पाहिलं आणि ओरडले, "मॅडम, हिला सुया रुतल्या!"

खाली नाक्यावर आलो. रिक्षा, टेम्पो, हॉर्न. अख्ख्या भिवंडीत ह्यांचा आवाज नेमका बसतो तो इथंच. मी ओरडून विचारलं, कधीपासून ऐकू येत नाही? आधी नाही-नाही म्हणाले. मग कबूल झाले. शेठला कळलं तर जॉबरला कोण ठेवेल, बिघाड आवाजावरून ओळखायचा असतो. आता लूमवर तळहात ठेवून ओळखतात. "आणि तू भिंतीकडं तोंड करून झोपायचीस," म्हणाले, "मला वाटलं, तुला मी नको." भर नाक्यावर आम्ही दोघं रडलो. शेअर रिक्षावाला म्हणाला, "भाभी, बैठना है तो बैठो."

कान तपासायला पुढच्या आठवड्यात ठाण्याला जाणार आहोत. मोठ्यांना नमस्कार, लहानांना पापा.

तुझी,
प्रियंका

ता. क. – माझ्या किडन्या चांगल्या आहेत. मावशीला सांग, कुळीथ पाठवू नकोस.

ता. क. दुसरा – मुख्य गोष्ट राहिलीच. येत्या शुक्रवारी सासूबाईंना आणि धम्मदिनाला तुझ्याकडे शहापूरला बोलावून घेशील का? काहीही कारण सांग, पापड लाटायचेत म्हण. मला ह्यांना काही सांगायचं आहे आणि ते मोठ्यानं सांगावं लागणार आहे. सुयांनी झालं की नाक्यानं, माहीत नाही, पण सांगावंसं वाटतंय एवढं खरं.

ता. क. तिसरा – नाही जमलं तर राहू दे, ताई. सासूबाईंना टीव्ही लावून देईन आणि तरीही सांगेन. अनंताकाकांनी ऐकलं तर ऐकलं.