दोन जावा एका फळीवर

३ सप्टेंबर

हात धुऊन धुऊन सालपटं निघायची वेळ आली! नाकाला हात लावला — धू. केस मागे सारले — धू. आत्या म्हणते, "गोळी लोकांच्या तोंडात जाते बाई, तुझ्या खिशात नाही." आई म्हणाली होती, आत्याच्या औषधाच्या दुकानात जरा मदत कर, पायाची भिंगरी थांबव. थांबली. आता डोकं फिरतंय.

सगळ्यात जास्त फिरवतं ते वाचन. फळीवरून औषध मी काढायचं, आत्यासमोर उभं राहायचं आणि गोळ्यांच्या पट्टीवर जे छापलंय ते मोठ्यानं वाचायचं. नाव, ताकद, मुदत. ती मान खाली घालून ऐकते, मग पिशवीत टाकते. "चार डोळ्यांखालून गेल्याशिवाय काहीही काउंटर ओलांडत नाही," म्हणे. शाळेत बाई उभं करून धडा वाचायला लावायच्या तेव्हा मी खिडकीबाहेर बघत अर्ध्या ओळी गाळायचे. म्हणून तर शाळा सुटली! खरं तर आकाशपाळणेवाल्यांच्या मागे गेले म्हणून सुटली. ते असो.

आणि फळ्या! त्यांना ना अक्षरांचा क्रम ना कंपनीचा. पोटाच्या औषधाशेजारी कानाचे थेंब. विचारलं तर म्हणते, "माझ्या हाताला माहीत आहे." हाताला माहीत आहे! मला कधी कळणार?

५ सप्टेंबर

आज एक गृहस्थ आले. "ती पांढरी गोळी द्या."

आत्या: "कोणती पांढरी?"

"छोटी. गोल."

"कशासाठी घेता?"

"ते डॉक्टरला माहीत."

"चिठ्ठी?"

"घरी. अहो, मागच्या वेळी इथूनच नेली की!"

"मग घरी जाऊन घेऊन या. मी थांबते."

तो चिडला. म्हणाला, कोपऱ्यावरचा दुकानदार काही विचारत नाही. आत्या म्हणाली, "विचारत नाही म्हणूनच तुम्हाला गोळीचं नाव माहीत नाही." गेला तणतणत. मला वाटलं, गेलं गिऱ्हाईक. तर थोड्या वेळानं घामाघूम होऊन चिठ्ठी घेऊन हजर! गोळी पांढरी नव्हतीच. पिवळी होती.

मग एक बाई. मुलाचा ताप गेला, राहिलेलं औषध परत घ्या म्हणून भांडल्या. तुमच्या घरी ते कुठं ठेवलं होतं ते मला माहीत नाही, दुसऱ्याच्या लेकराला कसं देऊ — आत्या हे एकच वाक्य तीन तऱ्हांनी म्हणाली. आवाज चढवला नाही. मी असते तर बाटलीच फेकली असती.

६ सप्टेंबर

समोरच्या डॉक्टरचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मी म्हटलं, अंदाजानं कळतंय की. आत्या म्हणाली, "अंदाज काउंटरच्या बाहेर ठेवून आत यायचं." रस्ता ओलांडून विचारायला मलाच पाठवलं. चार वेळा! शेवटच्या वेळी डॉक्टर म्हणाला, "तुमच्या आत्याला माझा एवढा राग का?"

अंदाज बरोबर होता माझा. चारातले तीन.

९ सप्टेंबर

आत्या दुपारी "काम आहे" म्हणून गेली. कुठं ते नाही सांगितलं. दारावर पाटी लावून — फार्मासिस्ट बाहेर, औषध मिळणार नाही. मी फक्त कापूस आणि साबण विकायचा. येणारा प्रत्येक जण पाटी वाचायचा आणि मग विचारायचा, "औषध मिळेल का?"

वैतागून शेवटी एक चांगलं काम केलं. फळ्या लावल्या! सगळी खोकी खाली काढली, पुसली, अक्षरांप्रमाणे ओळीत बसवली. काय दिसतंय! एखाद्या गलबताच्या कोठारासारखं. (गलबतावर मी पंधरवडाच टिकले, पण तिथं दोरांची भेंडोळी कशी रचायची ते शिकले.) आत्या उशिरा आली. थकलेली होती, आल्या आल्या गर्दी सुरू झाली. तिनं बघितलंही नाही. उद्या बघेल आणि तोंडात बोट घालेल.

आज गिऱ्हाइकांत एक बोटीवर काम करणारा होता. बर्फाळ बंदरात बोट अडकली तेव्हा त्यांनी पत्त्यांचा एकच जोड किती दिवस पुरवला ते सांगत होता. माणूस काय बोलतो! त्याच्या मागे नेहमीचे गिऱ्हाईक, घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा उभे, तरी मी ऐकतच राहिले. आजोबा बिचारे चिठ्ठी पुढे करून ताटकळले. तेवढ्यात आत्या म्हणाली, "कान इकडे आण, त्यांचं औषध काढ."

१० सप्टेंबर

आज जे झालं ते क्रमानं लिहिते.

सकाळी दुकान उघडल्यावर आत्यानं सवयीनं फळीकडे हात नेला. हात थांबला. खोक्यांच्या कडांवरून बोटं फिरवत गेली — एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"हे काय केलंस?"

"अक्षरांप्रमाणे लावलं. आता कुणालाही सापडेल."

"रक्तदाबाची निळ्या पट्ट्याची कुठं आहे? आणि साखरेची निळ्या पट्ट्याची?"

"शेजारी-शेजारी. नावं सारखीच सुरू होतात ना."

ती स्टुलावर बसली. "अगं कार्टे, त्या दोघी जावा आहेत. एका कंपनीच्या, एका रंगाच्या, एका अंगलटीच्या. त्यांना मी मुद्दाम दोन टोकांना नांदवते! काल आजोबांना रक्तदाबाची दिलीस. कुठल्या खोक्यातून?"

दाखवायला गेले. रक्तदाबाच्या खोक्याचं सील जसंच्या तसं. फोडलेलं होतं ते शेजारचं.

पण मी तर मोठ्यानं वाचलं होतं! आत्यानं ऐकलं होतं! मग आठवलं. बोटीवरच्या माणसाकडे तोंड करून मी चिठ्ठीवरचं नाव वाचलं होतं. पट्टीवरचं नाही.

शटर ओढून आम्ही दोघी धावलो. आजोबा शिंप्याच्या दुकानावर राहतात, जिना अंधारा. आत्या जिना कठड्याला धरून चढत होती, मी तिला ढकलत होते. सुनेनं दार उघडलं. "आज उठल्यापासून विचित्रच वागतायत. खात नाहीत, घाम येतोय. मला म्हणतात, घड्याळ उलटं चाललंय."

आत्या सरळ त्यांच्याजवळ. "मामा, गिळता येतंय का? हे प्या." साखरेचं पाणी. घोट-घोट. मला म्हणाली, "डॉक्टर. पळ." आज डॉक्टरनं एकही टोमणा मारला नाही. सरळ इस्पितळात हलवलं. या गोळीचा अंमल लवकर उतरत नाही म्हणे, सावरल्यासारखे वाटले तरी साखर परत खाली जाते.

सुनेसमोर आत्या उभी राहिली. "चूक आमच्या दुकानातून झाली. दुकानाची जबाबदारी माझी." माझं नाव घेतलं नाही. मला वाटलं, घेतलं असतं तर बरं झालं असतं.

११ सप्टेंबर

आजोबा शुद्धीवर. नर्सला म्हणाले, तुमचं भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय. खरंच पडलं होतं!

मी संडासात जाऊन रडले.

१२ सप्टेंबर

फळ्या पूर्वीसारख्या लावल्या. आत्या सांगत गेली, मी ठेवत गेले. कुठलं कुठं ते एकदाही अडखळली नाही. जावा दोन टोकांना. मग मी तिच्यावर चिडले. एवढं सगळं पाठ आहे ना? मग त्या संध्याकाळी पट्टी तुझ्या हातात होती, तू का नाही वाचलीस? माझी चूक, कबूल. पण चार डोळे होते ना?

ती खोक्याचा कोपरा नखानं खरवडायला लागली.

"दोनच होते," म्हणाली.

वर्ष झालं. ती जिथं बघते तिथंच धुकं येतं. कडेचं दिसतं, मधलं जातं. रस्ता चालता येतो, माणूस ओळखू येतो, अक्षर मात्र नाही. "तुझं तोंड बघायचं तर तुझ्या कानापलीकडे बघावं लागतं." त्या दिवशी दुपारचं काम म्हणजे डोळ्यांचा डॉक्टर. तो म्हणाला, गेलेलं परत येणार नाही, आहे ते टिकवू.

म्हणजे मी आले तेव्हापासून मोठ्यानं वाचायचं ते —

"नियम खरा आहे," आत्या म्हणाली. "तो मी वीस वर्षं पाळला. फक्त आधी मीही वाचायची."

१३ सप्टेंबर

रागानं झोप नाही. तिनं मला सांगायला हवं होतं! तिला काय वाटलं, मी पोपट आहे? मी निम्मं ऐकते, निम्मं वाचते, रस्त्यावरून कुत्रं गेलं तरी माझं लक्ष जातं. असल्या मुलीच्या दोन डोळ्यांवर तिनं अख्खी गल्ली टांगली!

म्हटलं, दुसरा फार्मासिस्ट ठेव. "ठेवीन." कधी? "बघते." दुकान कुणाला चालवायला दे. "देईन. पुढच्या महिन्यात." पुढच्या महिन्यात काय उगवणार आहे? म्हणाली, "तू लक्ष देऊन वाच. तेवढं झालं तरी निभतं." निभतं! आजोबा इस्पितळात आहेत आणि हिचं निभतंय!

मी म्हटलं, तुझ्याच भाषेत सांगते, अंदाज काउंटरच्या बाहेर.

"काउंटरच्या बाहेर मी कोण आहे, ते सांग आधी," म्हणाली.

मी उठले आणि ही वही काढली.

१५ सप्टेंबर

आजोबा घरी आले. सूनबाई दुकानात आली. मला वाटलं, चप्पल काढणार. तर सगळ्यांसमोर म्हणाली, "चूक झाली तशी घरी धावत येऊन सांगणारी दुसरी कोण आहे इथं? आता औषध फक्त तुमच्याकडूनच." रांगेतल्या बायका माना डोलवायला लागल्या. कोपऱ्यावरच्या दुकानातली गिऱ्हाइकंही आज इकडे आली. गर्दीच गर्दी! आत्या कितीतरी दिवसांनी हसली.

मी मोठ्यानं वाचत होते. पट्टीवरचं, प्रत्येक अक्षर. घसा बसला. काही चुकलं नाही. तेच भीतीदायक वाटलं. असं चुकत नाही, चुकत नाही, आणि मग एक दिवस कुणीतरी बर्फाच्या गोष्टी सांगत येतं.

१६ सप्टेंबर

मैत्रिणीचा फोन. डोंगरावरच्या बागांत सफरचंद काढायला माणसं हवीत. राहायला तंबू. परवा निघायचं.

पिशवी भरली. पिशवी रिकामी केली. पुन्हा भरली.

मी गेले तर आत्या दुसऱ्या कुणाला तरी वाचायला बसवेल आणि त्यालाही सांगणार नाही. मी राहिले तर मीच ते चालू ठेवणार. जायचं म्हणजे पळणं आणि राहायचं म्हणजे साथ देणं! आजवर कुठूनही निघायला मला कधी विचार करावा लागला नव्हता. असला वैताग कधी आला नाही.

१७ सप्टेंबर

आत्याला शेवटचं विचारलं. तू सांगशील का गिऱ्हाइकांना? स्वतःहून? तुझ्या तोंडून आलं तर तुझा मान राहील.

"उद्या सांगते," म्हणाली. आणि जेवताना पुढच्या महिन्याच्या मालाची यादी तोंडी सांगत बसली.

१८ सप्टेंबर

आत्यानं सांगितलं नाही. मैत्रीण माझ्याशिवाय निघाली.

१९ सप्टेंबर

सकाळी रांग होती. सूनबाई सगळ्यात पुढे, आजोबांची नवी चिठ्ठी घेऊन. मी ती हातात घेतली नाही. मागच्या माणसालाही ऐकू जाईल असं म्हणाले — आत्याला अक्षर दिसत नाही, वर्ष झालं. दुसरा फार्मासिस्ट येईपर्यंत दुकान बंद.

आत्याला हाताला धरून बाहेर आणलं आणि शटर ओढलं.

भर रस्त्यात ती मला बोलली ते इथं लिहिणार नाही. मेलेल्या आजीपर्यंत गेली. बोलताना माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या शेजारच्या विजेच्या खांबाकडे बघत होती. लोकांना वाटलं, तोंड बघायची इच्छा नाही तिला.

ती मला नीट बघत होती.