आडवाटेचा सर

तीर्थरूप अल्विनकाका यांस, पुतण्या डेलबर्टचा हॅट काढून नमस्कार.

तुमच्या पाठीची कळ गेली का? बर्निसकाकू कंबरेच्या ऑपरेशननंतर पुन्हा डॉमिनोच्या डावाला जायला लागल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी फादरना हरवलं असं कानावर आलं. दोन्ही गोष्टींचा आनंद आहे. त्यांनी पाठवलेले खसखशीचे कोलाचे, ते गोड पाव, पोचले, आणि संपलेही. (डबा परत पाठवतो. मागच्या वेळचा डबाही माझ्याकडेच आहे, तो विषय इथे काढत नाही.) एकाच गावात असून, फोन न करता पत्र का, असं म्हणाल, तर तुमच्याकडे फोन तुम्ही उचलता आणि बोलतात काकू, त्यामुळे शेजारणीच्या पित्ताशयाची साद्यंत हकीकत ऐकून मी फोन ठेवतो आणि माझं सांगायचं राहतं ते राहतंच.

मी इथे बरा आहे. म्हणजे असावा. सध्या मी नेमका कोण आहे हेच मला कळेनासं झालंय, तर बरा कोण आहे ते कसं सांगू? विमा कंपनीत होतो तोवर गोष्टी सोप्या होत्या. गारपीट व्हायची, मी लोकांच्या छपरांवर चढायचो, पोचे मोजायचो, खाली उतरायचो. मग कंपनीने ड्रोन आणला. ड्रोनला गुडघे नसतात आणि तो जेवायची सुट्टी मागत नाही. एक्कावन्नाव्या वर्षी मी घरी बसलो, तेव्हा तुम्हीच म्हणालात की शाळेत लाग, टेक्ससमध्ये शिक्षक मिळेनासे झालेत, हल्ली कुणालाही घेतात. (तुम्ही शाळा मंडळाचे अध्यक्ष, म्हणून ते 'कुणालाही' मी कौतुक समजून घेतलं.)

आता ही वाट कशी आहे बघा. कॉलेजात चार वर्षं शिकून शिक्षक होतात, ती सरळ वाट. माझ्यासारखे धंदा बदलून येणारे आडवाटेने येतात: एक परीक्षा द्यायची, थेट वर्गात उभं राहायचं, आणि शिकवतात कसं ते संध्याकाळी घरी कॉम्प्युटरसमोर बसून शिकायचं. म्हणजे आधी कळस, मग पाया. त्यातही कोर्सवाले म्हणाले, शाळेने नोकरी दिली की तात्पुरतं सर्टिफिकेट देऊ. शाळा म्हणाली, सर्टिफिकेट दाखवा, नोकरी देऊ. सगळा उन्हाळा मी या दोघांच्या मध्ये हेलपाटे घातले. शेवटी ते कसं जमलं ते मला आजही माहीत नाही, आणि विचारायची छातीही होत नाही, न जाणो कुणाच्या लक्षात यायचं.

परीक्षा दिली होती विज्ञानाची. पहिल्या दिवशी हातात पडलं ते असं: सातवीचं विज्ञान, शाळेच्या बसच्या किल्ल्या आणि फुटबॉलच्या तिसऱ्या संघाची शिट्टी. मी प्रिन्सिपलना विचारलं, की बसचा आणि विज्ञानाचा संबंध काय? ते म्हणाले, तुम्ही पुरुष आहात ना? मी किल्ल्या खिशात टाकल्या. आणि 'वर्गात पहिलं पाऊल कसं टाकावं' हा कोर्समधला धडा माझ्या कॉम्प्युटरवर उघडला तो नोव्हेंबरात, फुटबॉलचा मोसम संपल्यावर. तोवर माझी पावलं टाकून झाली होती, काही तर मुलांच्या डब्यातही.

नवख्याला एक जुनाजाणता शिक्षक सोबत देतात. माझी जुनीजाणती केलिन, वय चोवीस. पोर गुणी आहे, पण तिने सांगितलं की नाताळापर्यंत मुलांसमोर अजिबात हसायचं नाही. कोर्स म्हणतो, दारातच हसून स्वागत करा. कुणाचं ऐकावं? मी मधला मार्ग काढला, म्हणजे अर्ध्या तोंडाने हसायला लागलो. दुसऱ्या तासाला मुलांनी शाळेच्या नर्सला बोलावून आणलं. त्यांना वाटलं, सरांना झटका आला.

खरी धास्ती होती मिसेस यांडा यांची. कोर्सतर्फे वर्षात तीनदा येऊन मागच्या बाकावर बसून पाठ बघणाऱ्या या बाई. चाळीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्यात. पहिल्या वेळी त्यांनी लिहिलं, 'सर उत्साही आहेत. मुलांपैकी कुणी ऐकत होतं का?' दुसऱ्या वेळी नुसतंच लिहिलं, 'नाही.' तिसरा पाठ बिघडला असता तर सर्टिफिकेट बंद आणि माझी घरवापसी. काका, तुम्हाला हसू येईल, पण मला हे काम हवंय. बावीस वर्षं मी घरोघरी गेलो, आणि मी येताना दिसलो की लोकांचे चेहरे पडायचे. इथे सकाळी बसचं दार उघडतो तेव्हा निदान दोघं तरी 'गुड मॉर्निंग, सर' म्हणतात.

आणि तिसऱ्या पाठाच्या आदल्या आठवड्यात, देवाची कृपा, गारा पडल्या. पाठाच्या दिवशी मी पुस्तक मिटलं आणि सगळा वर्ग खडू देऊन पार्किंगमध्ये नेला. खडू आडवा धरून गाडीच्या पत्र्यावर फिरवायचा. सपाट भाग पांढरा होतो, पोच्याचा खड्डा कोराच राहतो. मग मोजायचं, माप घ्यायचं, गार केवढी असेल आणि कुठून आली ते काढायचं. (आपल्या गावच्या निम्म्या गाड्या पांढऱ्या, तिथे निळा खडू.) काकाऽ, पोरं वेड्यासारखी कामाला लागली! कुणी कुणाला चिमटा काढला नाही, कुणाला शू लागली नाही. मिसेस यांडा स्वतःची खुर्ची उचलून उन्हात येऊन बसल्या.

माझ्या वर्गात इत्सेल नावाची मुलगी आहे. ऑगस्टात शाळा उघडल्यापासून एक अक्षर बोललेली नव्हती. हजेरीलाही नुसता हात वर करायची. ती एका पांढऱ्या पिकअप ट्रकपाशी रेंगाळली. चवड्यांवर उभी राहिली, मागच्या चाकावर चढली, छत बघितलं, खाली उतरली, पुन्हा चढली. मग सगळ्यांसमोर म्हणाली,

"सर, या गारा पाच फूट चार इंच उंच होत्या."

वर्ग हसला. ती थांबली नाही. तिने दाखवलं, छताच्या कडेकडेने पोचे आहेत आणि मध्यभागी एकही नाही, म्हणजे हात पोचेल तिथवरच गारा पडल्यात. सगळे खड्डे एकाच मापाचे, गारा अशा मापून पडत नाहीत. आणि प्रत्येक खड्ड्यात रंगाला तडा.

"ही हातोडी आहे," ती म्हणाली. "आणि मारणारा माणूस बुटका आहे. बरोबर आहे का, सर?"

मला तो ट्रक दहा पावलांवरूनच कळला होता. तरी मी म्हणालो, "बरोबर."

मिसेस यांडांनी काय लिहिलं ते आता मला पाठ आहे: 'हा माणूस शिक्षक आहे.' मी बसमध्ये जाऊन जरा बसलो. डोळ्यांत खडू गेला होता, असं समजा. प्रिन्सिपलही खूश झाले, इतके की मुलांनी हा सगळा शोध येत्या गुरुवारी शाळा मंडळाच्या सभेत पडद्यावर फोटो दाखवून मांडावा असं त्यांनी ठरवलंय. माझ्या पुढच्या वर्षाच्या कराराचं मतदानही त्याच सभेत आहे. एकूण सगळं छान चाललंय. काकूंना नमस्कार, पाठीला शेक द्या, जड काही उचलू नका.

तुमचा आज्ञाधारक पुतण्या,
डेलबर्ट

ता. क. काकू, तुम्ही काकांची पत्रं डॉमिनोच्या टेबलावर मोठ्याने वाचता हे मला ठाऊक आहे. कृपा करून इथे थांबा आणि पुढचं त्यांचं त्यांना वाचू द्या.

ता. क. २. काका, ट्रक तुमचा होता. प्रिन्सिपलबरोबर जेवायला तुम्हाला नेमका तोच दिवस सापडला! पोरांना मालक माहीत नाही, पण फोटोत नंबरप्लेट झकास आली आहे. तुम्ही गारांच्या नुकसानीचा विम्याचा दावा केलाय असं ऐकतो. तो बुधवारपर्यंत मागे घ्या. घेतलात तर हातोडी आणि म्हातारचळ म्हणून गाव हसेल आणि विसरेल. नाही घेतलात तर तो गुन्हा आहे, आणि बावीस वर्षं असेच दावे तपासलेला मी तसं सांगेन.

ता. क. ३. तुम्ही म्हणाल, पोरीला सांग की तुझं चुकलं, फोटो काढून टाक. अध्यक्ष तुम्ही, करार तुमच्या हातात, मला सगळं कळतं. रात्रभर तळमळलो. पण ती पहिल्यांदा बोलली आणि मी तिला 'बरोबर' म्हणालो. ते मी परत घेणार नाही, नोकरी गेली तरी चालेल. गुरुवारी सगळं सांगून झालं की मला विचारलं तसंच ती समोरच्या खुर्चीतल्या अध्यक्षांना विचारणार, "बरोबर आहे का, सर?" काका, उत्तर एका शब्दाचं आहे. मी तेव्हा तुमच्याकडेच बघत असेन.